खबरदार, मला साबण लावाल तर!

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे. रंगाने काळपट, अंगाने लिबलिबीत आणि वासाने वाळत घातलेल्या मासळीच्या जाळ्याचा सख्खा भाऊ. मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! मी एक अख्खा समुद्र अंगातून गाळून काढला आहे, तोही शंभरदा. तुम्ही आजवर निदान एखादं तळं तरी गाळलंत का? नाही ना? मग गुपचूप ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. गरम फेस फुगला, थंड झाला, पात्याने कापला आणि मी झालो. माझे काही भाऊ गाद्यांमध्ये शिरले, काही भांडी घासायला गेले. मी मात्र तिथेच जाहीर करून टाकलं, की मी कुणाच्या बुडाखाली जाणार नाही आणि कुणाचं खरकटं काढणार नाही. पुढे नशिबाने मला माशाची शी काढायला लावली, ती गोष्ट वेगळी. पण खरकटं नाही म्हणजे नाही!

मला आणलं आबांनी. आबा म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे वडील. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांचे हात शिवशिवू लागले. लेकीच्या दवाखान्यात पोरं बाकावर बसून आतल्या यंत्राची घरघर ऐकत आणि पाळी येण्याआधीच भोकाड पसरत. आबा म्हणाले, या पोरांच्या डोळ्यांना काहीतरी काम द्यायला हवं. म्हणून त्यांनी बाकासमोर खाऱ्या पाण्याची एक छोटी काचपेटी मांडली.

पेटीच्या मागच्या बाजूला त्यांनी काचेच्या पट्ट्या चिकटवून तीन कप्पे केले. पहिल्या कप्प्यात मी. पाणी आधी माझ्यातून जायचं, म्हणजे गाळ माझ्याकडे. दुसऱ्यात चिनीमातीच्या पोकळ कड्या. तिसऱ्यात पाणी पुन्हा वर ढकलणारा पंप. मग त्यांनी बादलीत मीठ कालवलं, खारटपणा मोजायच्या काचनळीत डोळे बारीक करून पाहिलं, आणि पेटी भरली. सगळे म्हणाले, आता मासा सोडा. आबांनी काय सोडलं? कोळंबीचा एक मेलेला तुकडा!

थोड्याच दिवसांत तो तुकडा असा घमघमला की बाई नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या.

“आबा, दवाखान्यात सडकी कोळंबी? पेशंटांना वाटतंय माझ्याच तोंडाला वास येतोय!”

“जरा थांब गं. घर बांधून झालंय, आता भाडेकरू येऊ देत.”

“कसले भाडेकरू?”

“जंतू.”

“म्हणजे मी दिवसभर जंतू मारायचे आणि तुम्ही माझ्याच छपराखाली ते पाळायचे?”

“सगळे जंतू वाईट नसतात, पोरी. सगळे पेशंट तरी कुठे चांगले असतात?”

मित्रांनो, मासा पाण्यातच जेवतो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून एक विष तयार होतं. डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचा जीव घेतं. ते विष खाऊन पचवणारे जंतू असतात. त्यांना पहिला घास मिळावा म्हणून ती कोळंबी होती. आधी एक जंतू आला, मग त्याचा मेव्हणा, मग मेव्हण्याचं सगळं सासर. माझ्या भोकाभोकांत आणि शेजारच्या कड्यांत बिऱ्हाडं थाटली गेली. मी पिवळा होतो, तो तपकिरी झालो. अंगावर राबणाऱ्यांची वस्ती असली की रंग उतरायचाच. त्याची लाज कसली?

मग आला बोळक्या. बोटाएवढा मासा, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. सारखी तोंडाची उघडझाप. दात दिसतच नव्हते, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. त्याला पाहायला ती काचेला नाक चिकटवून बसत, आणि पाळी आली की “अजून थोडं थांबू द्या ना” म्हणून रडत. म्हणजे रडणं काही थांबलं नाही, कारण तेवढं बदललं.

आया म्हणत, “अय्या, किती नितळ पाणी!” कौतुक कुणाचं? काचेचं. मागच्या कप्प्यात राबणाऱ्याकडे बघायला मान वाकडी करावी लागते, आणि दातदुखीने आलेला माणूस ती कशाला करील? मला कौतुक नकोच होतं. आबा मला पेटीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत अलगद पिळत, गाळ तेवढा काढत आणि परत ठेवत. नळाखाली त्यांनी मला कधी धरलं नाही. मला तेवढं पुरे होतं.

आणि मग आबांचा मोतीबिंदू काढायचा ठरला. ते इस्पितळात गेले, आणि बाईंनी पेटीची सफाई हाती घेतली. बाईंची सफाई म्हणजे काय विचारता! त्या दाराची कडीसुद्धा औषधाने पुसतात. त्यांनी मला चिमट्याने उचललं.

“शी! हे काय, आबांचं पायपुसणं?”

मला पायपुसणं! ज्याने समुद्र गाळला त्याला! चिनीमातीच्या कड्या त्यांनी जंतुनाशकात बुडवल्या आणि दातांसारख्या पांढऱ्याफेक केल्या. मला त्या हत्यारं उकळायच्या यंत्रात कोंबायला निघाल्या. पण मी असा फुगलो, असा फुगलो, की यंत्राचं दार लागेना. शेवटी “जाऊ दे, आबा आले की बघतील” म्हणत त्यांनी मला बेसिनखाली, पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत टाकलं. माझ्या जागी नवा स्पंज आला. पांढराशुभ्र, इस्त्री केल्यासारखा. अंगात एक भाडेकरू नाही. नुसती रिकामी चाळ!

एक-दोन दिवस पाणी चमचम करत होतं. मग बोळक्याने दाणे खाणं सोडलं. मग तो वर आला आणि पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकू लागला. त्याचे कल्ले भात्यासारखे चालत होते. बाकावरची पोरं गप्प झाली. मित्रांनो, पोरांनी गजबजलेला दवाखाना गप्प होणं फार वाईट.

आबा आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नव्हतंच. ते पेटीवर वाकले.

“पाण्याला वास येतोय. मीठ बिघडलं असेल. अर्धं पाणी बदल.”

बाईंनी मीठ कालवलं, काचनळीत पाहून आकडा मोठ्याने सांगितला, अर्धं पाणी बदललं. बोळक्याला जरा बरं वाटलं. पण दुपारी तो आडवा झाला.

“काही वेगळं केलंस का गं?”

“काही नाही, आबा. फक्त साफ केलं.”

आबांना काय साफ केलं ते दिसत नव्हतं, आणि बाईंना आपण काय केलं ते कळत नव्हतं. बेसिनखालून मी बोंब ठोकत होतो, पण स्पंजाची भाषा कुणाला येते!

तेवढ्यात एक आई मुलाला घेऊन आत गेली. म्हणाली, “डॉक्टर, ते जंतुनाशक गुळण्यांचं औषध मी याला वर्षभर रोज देऊ का? तोंड कसं स्वच्छ राहील!”

“अहो, वर्षभर रोज नको,” बाई नेहमीच्या सुरात म्हणाल्या. “तोंडात चांगलेही जंतू असतात. सगळेच मारले, तर मग नको ते…”

बाई थांबल्या. मुलगा तोंड उघडून बसला होता, तो तसाच राहिला.

त्या धावत बाहेर आल्या. “आबा! तुमचे भाडेकरू! मी सगळे मारले!”

आबा एवढंच म्हणाले, “आणि स्पंज?”

“तो कुठे टाकला… आबा, मला आठवत नाही!”

त्यांनी कचऱ्याचा डबा पालथा घातला. कपाटं उघडली. पेटीत बोळक्याचा कल्ला एकदा हलला आणि पुन्हा हलायला फार वेळ लागला. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, माणसांच्या भरवशावर राहिलो तर झालंच! मी बादलीच्या काठावर चढलो, अंग आवळलं आणि घेतली उडी! बाकावरून, आबांच्या टकलावरून, थेट माझ्या कप्प्यात! नव्या पांढऱ्या स्पंजाला कोपराने बाजूला सारलं आणि भाडेकरूंना ओरडून सांगितलं, “लागा कामाला!”

म्हणून सांगतो मित्रांनो, जे जे मळकं दिसतं ते ते घाण नसतं. मला पिळायचं असेल तर माझ्याच पाण्यात पिळा. कड्या आणि मी, दोघांना एकाच दिवशी हात लावू नका. आणि साबण घेऊन याल तर याद राखा! मला कुणाच्या दयेची गरज नाही. त्या दिवशीही नव्हती. मी माझ्या हिमतीवर उठलो, माझ्या हिमतीवर…

“थापा!”

काचेपलीकडून आवाज आला. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, तोंडाची उघडझाप.

“थापा, आजोबा! मी आडवा पडलो होतो, आंधळा नव्हतो झालो. तुम्ही बादलीत निपचित पडला होतात. बाई गुडघ्यांवर बसल्या, हातमोजे ओढून काढले आणि तुम्हाला ओंजळीत घेऊन आल्या. उघड्या हातांनी, आजोबा. आमच्या डॉक्टरीणबाईंनी!”