चौथ्या गाण्यातली हाळी

आमच्या पहिल्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत. त्यात फक्त एका जागी मी गात नाही, आणि सगळ्यात सुंदर जागा नेमकी तीच आहे. हे कबूल करायला मला चार महिने लागले, कारण गाण्याच्या बाबतीत मी भलती खडूस बाई आहे.

ती जागा चौथ्या गाण्याच्या शेवटी येते. अंगदची गिटार थांबते आणि लांबून एक हाळी ऐकू येते. सुरुवातीला तिथं अंगदच्या वडिलांची, आप्पांची हाळी होती, संध्याकाळी मेंढरं गोळा करताना ते देतात ती. दिवाळीला गावी गेला होता तेव्हा अंगदनं ती मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. आप्पांना न सांगता.

आमच्या जोडीचं नाव 'सेकंड शिफ्ट'. अंगद चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला असतो. तीनला सुटला की त्याच्या खोलीवर आमची दुसरी पाळी. वरून विमान गेलं की थांबायचं. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली की थांबायचं. पंखा बंद, खिडक्या बंद, अंगातून घामाच्या धारा. एकदा अंगदची खुर्ची जराशी कुरकुरली म्हणून मी अख्खं गाणं पुन्हा करायला लावलं. तो म्हणाला, "तू आमच्या इन्स्पेक्शनला पाहिजे होतीस. एक खराब नग बाहेर गेला नसता."

सोमवारी गाणी इंटरनेटवर टाकायला पाठवायची होती, शुक्रवारी अल्बम यायचा होता. आणि शनिवारी अंगदला त्याचं मन खाऊ लागलं.

"आप्पांना न विचारता त्यांचा आवाज टाकायचा? मला नाय जमणार. उद्या जाऊन ऐकवू. नाय म्हणले तर काढून टाकू."

"काढून टाकू?" माझा आवाज चढला. "मग गाण्यात राहिलं काय?"

"तू राहतीस की."

हे तो चांगल्या मनानं म्हणाला असावा. मी धरून चालले.

रविवारी सकाळी क्रांती चौकातून मोटारसायकलवर निघालो. पाठीवर माझा रेकॉर्डर आणि एक छोटा स्पीकर. अजिंठ्याच्या अलीकडे त्यांचं गाव. खतासाठी एका शेतकऱ्यानं मेंढरं रानात बसवून घेतली होती, म्हणून आप्पा आणि अंगदची आई वच्छलाबाई दोघंही तिथंच मुक्कामाला होते. वेचणी झालेल्या कपाशीत साठेक मेंढरं पांगलेली. बांधाजवळ तीन दगडांची चूल. वच्छलाबाईंनी पदर कमरेला घट्ट खोचला होता आणि त्या भाकरी थापत होत्या. मला बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "वाळलीस की गं पोरी! गाणंच खाती काय तू?"

आप्पा बांधावर बसले. मी स्पीकर त्यांच्यापुढं ठेवला आणि चौथं गाणं लावलं. ते हनुवटीखाली काठी धरून ऐकत राहिले. माझा आवाज संपला, गिटार थांबली, आणि आप्पांची हाळी आली.

पहिल्यांदा म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली. मग सगळीच उठली आणि कपाशीच्या वाळक्या पराट्या तुडवत सरळ आमच्याकडे धावत आली. माझ्या मांडीवर दोन कोकरं चढली. एक मेंढी स्पीकर चाटायला लागली. मला इतकं हसू आलं की बसल्या जागी आडवी व्हायची वेळ आली. आमच्या अल्बमचे पहिले श्रोते, आणि काय ती दाद!

आप्पा हसत नव्हते.

"हे मोबाईलवर सगळ्यायला ऐकू येणार?"

"व्हय आप्पा. जगात कुठंबी," अंगद अभिमानानं म्हणाला.

"मग उद्या कुणीबी बांधावर येईल, हे वाजवील आन माझी मेंढरं घेऊन जाईल."

"आप्पा, असं कोण कशाला..."

आप्पांनी काठीनं नुसतं मेंढीकडे दाखवलं. ती अजून स्पीकर चाटत होती.  मी वाद घालण्यात कुणाला हार जात नाही, पण त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला रडू आलं. चार महिन्यांची मेहनत, आणि आता ते गाणं शेवटाशी बोडकं होणार होतं.

"अवो, पोरगी हिरमुसली," चुलीपासून वच्छलाबाई ओरडल्या. "दुसरी द्या की तिला एखादी!"

"हाळी काय लुगडं हाय व्हय, दुसरं काढून नेसायला?" आप्पा खेकसले.

पण मग ते काठीनं माती उकरायला लागले. बोलले तेव्हा आवाज उतरला होता. चुलीपर्यंत तो जाण्यासारखा नव्हताच.

"एक हाय. माझ्या बापाची. अंगद, तू व्हायच्या आधीच्या साली गेला तो. त्याच्यामागं मेंढरं माझं ऐकनात, दिसभर त्यालाच हुडकायची. शेवटी सांडू पाटलाला देऊन टाकली. मग ती हाळी मी कधी दिली नाय. द्यायची कुणाला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ती घे, बाई. तिला आता कुणी येत नाय."

मी डोळे पुसले आणि रेकॉर्डर लावला. आप्पा उभे राहिले. टोपी काढून काखेत धरली, एक हात कानाला लावला.

ती हाळी त्यांच्या हाळीहून खालच्या सुरात होती. मध्येच मोडत होती, आणि मोडलेल्या जागेवरूनच वर चढत होती. माझ्या अंगावर काटा आला. एकाही मेंढरानं मान उचलली नाही. आप्पांनी 'बघ' म्हणून मान हलवली.

तेवढ्यात चुलीपाशी वच्छलाबाई ताडकन उठल्या. हातातली भाकरी खाली पडली. कमरेचा पदर त्यांनी ओढून काढला, डोक्यावरून पार कपाळापर्यंत घेतला आणि वाट सोडून, मान खाली घालून बाजूला उभ्या राहिल्या. चार-पाच श्वास तशाच. मग त्यांनी हळूच वर बघितलं. बांधावर नवरा होता, मुलगा होता आणि मी होते.

"तुमी होय," त्या म्हणाल्या. हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या. "मला वाटलं, मामंजीच आले रानातून. अठ्ठावीस वर्सं झाली, तरी हात आपला गेलाच की वर."

 आप्पांनी टोपी घातली, जाऊन पडलेली भाकरी उचलली, माती झटकली आणि तिथंच बसून खाल्ली.

सोमवारी खोलीवर आम्ही पंखा बंद करून ऐकत बसलो. हाळी संपते, मग थोडी शांतता, आणि मग लांबून काचेच्या बांगड्या वाजतात. पदर डोक्यावर घेताना वाजल्या त्या.

अंगदनं माझ्याकडे बघितलं आणि सवयीनं माऊसवर हात ठेवला. "काढतो हं."

"हात लावून बघ," मी म्हणाले.

शुक्रवारी अल्बम आला. चौथं गाणं त्या बांगड्यांवर संपतं.