बाटली तुमची, औषध आमचं

लढाईपायी काच मिळेनाशी झाली आणि माणदेशातल्या त्या बोर्डाच्या दवाखान्यानं नवाच कायदा काढला: औषध हवं तर बाटली घरून आणा. धनगराच्या घरात काचेची बाटली कुठली असायला? पण त्याच वर्षी मेंढ्यांच्या गोचडांवर सरकारी औषध आलं, तेही चांगल्या जाड तपकिरी बाटल्यांतून. तानुबाईनं रिकाम्या बाटल्या राखेनं लख्ख घासल्या, एक ठेवून घेतली, बाकीच्या शेजारणींना वाटल्या. सगळी वस्ती तिच्यावर खूश.

ते औषध पाण्यात कालवून तिच्या नवऱ्यानं, बिराप्पानं, कमरेइतक्या खड्ड्यात उभं राहून एकेक मेंढरू बुचकळलं होतं. त्यात सोमलासारखं जालीम विष आहे हे सांगायला कुणाचं तोंड उघडलं नाही. आधी त्याच्या तळव्यांची आग झाली, मग बोटं बधिर झाली, शेवटी मनगटं लुळी पडून हातात काठी राहीना. काठी धरता येत नाही तो कसला मेंढका! कळप दुसऱ्याच्या हाती गेला.

"पायाखाली वाकळ हाय का दगूड, कायच कळंना गं," तो म्हणायचा.

दवाखान्यात भाऊसो कंपाउंडर. त्याच्याकडं खोकला, हगवण, ताप, सगळ्यांवर एकच लाल पाणी. शेंबूड पुसायचा आणि त्याच हातानं ओतायचा. बाटली कधी उजेडात धरून बघेल तर शपथ! तानुबाई ते पाणी नेमानं पाजत राहिली आणि बिराप्पा ओकत राहिला.

शेवटी तालुक्याचे डॉक्टर तपासणीला आले, तेव्हा तिनं नवऱ्याला बैलगाडीत घालून आणलं. डॉक्टरांनी त्याचं मनगट उचलून सोडलं, नखांवरच्या पांढऱ्या रेघा पाहिल्या. मग त्यांनी तानुबाईच्या हातातली लाल पाण्याची बाटली घेतली. तळाशी साका चिकटला होता.

"ही कसली बाटली?"

"मेंढराच्या औशिदाची. राखंनं घासलिया, साहेब."

"अगं बाई, विष आहे ते! भाऊसो, डोळे फुटले होते का?"

भाऊसोनं गालातली सुपारी इकडून तिकडं केली. "साहेब, बाटली मागवायचा हुकूम हाय. कसली, त्येचा न्हाई."

तानुबाईला शिसारी आली. त्याची, त्या लाल पाण्याची, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांची.

"ह्यांचं हात सुदरतील न्हवं?"

"त्यावर उतारा आमच्याकडं येतच नाही," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

ती वळली. दारात शेजारची बनाबाई उभी होती. काखेत तापानं फणफणलेलं पोर, हातात नुकतीच भरून घेतलेली तपकिरी बाटली. तानुबाईनं ती हिसकली आणि उंबऱ्यावर आपटली.

"माजी बाटली!" बनाबाई किंचाळली. रांगेतल्या बायकांनी आपापल्या बाटल्या पटापट पदराआड केल्या. काच काय रोज मिळते?

"इख हाय त्यात, बने! म्याच दिली गं तुला, म्याच!"

बनाबाईनं पदरानं पोराचे ओठ पुसले, पुन्हा पुसले.

"पर तानुबाय, परवापास्नं ह्येच पाजतिया की मी त्येला."