सुलक्षणाच्या नावापुढची फुली

तिच्या पायांपाशीच मी फाइल सोडली. कागद बाकाखाली पसरले. मी गुडघा धरून "आई गं" केलं आणि वाकायला मुद्दाम वेळ लावला.

मी दत्ताराम, मुलुंडच्या एका मेडिकल कॉलेजातला शिपाई. फाइल पाडायची कला मला डीनसाहेबांनी त्याच सकाळी शिकवली होती. सत्याऐंशी साल. ट्रस्टने गरिबाघरच्या मुलांसाठी बिनफीच्या दोन जागा ठेवल्या होत्या आणि मुलाखतीला एकोणीस जण आले होते. "दत्ताराम, मार्क कागदावर दिसतात," साहेब म्हणाले, "पण आत खुर्चीवर बसलं की सगळेच गोड बोलतात. माणूस कळतो बाहेरच्या बाकावर. कोण उठून मदत करतं ते बघ. उठला तर खूण कर, नाहीतर फुली." जन्मभर पाण्याचे ग्लास फिरवलेल्या माणसाच्या हातात पेन्सिल आली. छाती फुगणारच.

सुलक्षणा आमच्या विक्रोळीच्या चाळीतली, वनमालावहिनींची थोरली. माझा गुडघा गेल्यापासून रोज सकाळी माझी बादली तीच वर आणून द्यायची. आदल्या दिवशी नळावर मीच तिला बजावलं होतं, "हे बघ, तिथं मला ओळख दाखवायची नाय. माझ्याकडे बघायचंसुद्धा नाय. वशिला लावला म्हणतील. माझी नोकरी जाईल नि तुझी सीटपण."

"नाय बघणार काका. शप्पथ."

आता ती मान खाली घालून बसली होती. एक कागद तिच्या चपलेवरच पडला होता. तिचा हात पुढे आला आणि पुन्हा मांडीवर गेला. तेवढ्यात शेजारचा चष्मेवाला मुलगा उठला आणि त्याने सगळे कागद गोळा करून दिले.

त्याच्या नावापुढे मी खूण केली. तिच्या नावाशी पेन्सिल थांबली. हात का मागे गेला ते मला ठाऊक होतं. आत जाऊन साहेबांना सांगायला एक मिनिट पुरलं असतं. पण आपल्याच चाळीतली पोरगी, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतील, ही भीती. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आपण केवढे प्रामाणिक याचीच धुंदी जास्त होती. मोठा हरिश्चंद्र लागून गेलो होतो मी! फुली मारली.

चार दिवसांनी यादी लागली. ती तिसरी. साहेब सहज बोलून गेले, "त्या विक्रोळीच्या मुलीला मार्क सगळ्यात जास्त होते. पण तुझी फुली होती ना." मी मान हलवली. तेव्हाही तोंड उघडलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी ती नळावर भेटली. डोळे सुजलेले, पण माझी बादली आधीच भरून ठेवलेली.

"नाव नाय लागलं काका. आत तर सगळे चांगले बोलले. कुठे वाट लागली कळलंच नाय."

मी तांब्या नळाखाली धरला.

"तुमच्यावर कोणी बोट नाय ना ठेवलं?" तिने हळूच विचारलं. "तुमचे कागद पडले ना, तेव्हा उठणारच होते मी. मग शप्पथ आठवली. तुम्हाला वाईट नाय ना वाटलं?"

"नाय गं," म्हणालो. हातातला तांब्या निसटला आणि मोरीत घरंगळला. या वेळी तो मी पाडला नव्हता.

मी गुडघ्यावर हात ठेवेपर्यंत तिने तो उचललासुद्धा. धुऊन, पालथा करून भरलेल्या बादलीवर ठेवला.

"तुम्ही नका वाकू काका," ती म्हणाली आणि बादली उचलून जिना चढू लागली. मी रिकाम्या हातांनी तिच्यामागून चढत राहिलो.