लाल बटणाची जागा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही घरात गुपचूप काहीतरी वाचत आहात. त्यात वाईट काही नाही, पण एका माणसाला ते कळले तर घरात आकांत होईल. इतक्यात दाराशी चपला वाजतात. पुस्तक असते तर तुम्ही ते उशीखाली सारले असते. पण मी पुस्तक नाही. मी एक जुनी वेबसाइट आहे, वकील न परवडणाऱ्या लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या एका लहानशा संस्थेची.

संस्थेची खोली शिवणवर्गाच्या वर होती. खालच्या यंत्रांची घरघर ऐकत वकीलबाईंनी आणि त्यांच्या भाच्याने माझे एकेक पान रचले.

"मावशी, कोपऱ्यात हे लाल बटण कशाला?"

"वाचताना पाठीशी कुणी येऊन उभं राहिलं तर दाबायला. दाबलं की आपलं पान गायब आणि हवामानाचा अंदाज हजर!"

"म्हणजे तुझी वेबसाइट पळपुटी निघाली की!"

"पळू दे. वाचणारी बाई सुखरूप राहिली म्हणजे झालं."

माझे रूप यथातथाच होते, पण लोक माझ्यावर विश्वास टाकत. त्यांत एक मुलगी होती. तिचे वडील वारले होते आणि राहते घर आईच्या नावावर होते. ते आपल्या नावावर करून घ्यायला काका टपले होते. आईला वाचायला जमत नसे, म्हणून मुलगी आईच्या फोनवर मला उघडून हळू आवाजात वाचून दाखवी. काकांची चाहूल लागली की तिचा अंगठा न बघता कोपऱ्यात जाई.

"काय बघता गं मायलेकी?"

"उद्या ऊन पडेल का ते, काका."

"या घराला हवामानाचं भलतंच वेड!" असे म्हणून ते निघून जात. त्या दोघी तोंडावर हात धरून हसत आणि मला पुन्हा उघडत.

पुढे मला नवे रूप द्यायचे ठरले. त्यासाठी आलेला तरुण कामाला वाघ होता. लोक माझ्याकडे किती वेळ थांबतात, हे त्याने तपासले आणि कपाळावर हात मारला.

"ताई, लोक येतात आणि मधूनच पळतात! हे लाल बटणच त्यांना हाकलतंय. कुठला दुकानदार गिऱ्हाइकाला दार दाखवतो?"

वकीलबाईंना कोर्टात पोहोचायची घाई होती. त्यांनी उभ्या उभ्या पडद्याकडे पाहिले. "छान दिसतंय," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. लाल बटण गेले. तिथे हसऱ्या माणसांचा फोटो आला. सगळ्यांनी माझे कौतुक केले. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, की ते लोक माझ्यापासून पळत नव्हते.

त्यानंतर मुलीने मला उघडले, तेव्हा वकीलबाईंना भेटायला आई अखेर तयार झाली होती. "सहीसाठी जबरदस्ती झाली तर" हे पान समोर होते. फक्त भेटीची वेळ ठरवायची राहिली होती. तेवढ्यात चपला वाजल्या. अंगठा सवयीने कोपऱ्यात गेला आणि तो फोटो पडदाभर मोठा झाला. त्याच्यावर ठळक अक्षरांत संस्थेचे नाव होते.

"हे हवामान होय?" काका म्हणाले.

त्यांनी फोन काढून घेतला. त्याच संध्याकाळी घराच्या कागदांवर आईकडून सही करून घेतली.

काही दिवसांनी दोघी कपड्यांच्या पिशव्या घेऊन विचारत विचारत संस्थेत आल्या. मी टेबलावरच्या पडद्यावर उघडीच होते. "बटण सापडलंच नाही हो," मुलगी एवढेच म्हणाली. वकीलबाई खाली बसल्या. आता त्या सहीविरुद्ध लढत आहेत, पण घर परत मिळेल की नाही, ते त्यांनाही सांगता येत नाही. बटण परत लावता येते, ती संध्याकाळ मात्र परत येणार नाही.

मित्रांनो, नवे घडवा, जरूर घडवा. पण जुन्यातले काही काढून टाकण्याआधी, ते ज्याच्या हातात होते त्याला एकदा विचारा. मला नटवताना त्या मुलीला कुणी विचारले नाही.

दोघी संस्थेत आल्या त्याच दिवशी, निरोप मिळताच तो तरुण धावत आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "लगेच लावतो. फोटोच्या खाली बरं दिसेल, की एकदम तळाशी?" त्याने वकीलबाईंना विचारले.

"मला नको विचारू," त्या म्हणाल्या आणि आपला फोन त्यांनी मुलीच्या हातात दिला.

मुलीने मला उघडले. क्षणभर दाराकडे पाहिले. मग घट्ट डोळे मिटले आणि अंगठा कोपऱ्यात टेकवला.

"इथं," ती म्हणाली. त्याने खूण करून घेईपर्यंत तिने अंगठा उचलला नाही.