पाटी जागेवर आढळली नाही

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, दर रविवारी इंटरनेटवर एक पान लिहितात. आधी सरकारला झोडपायचं, मग घरातल्या नळाची नाहीतर स्वतःच्या गुडघ्याची रडकथा, आणि शेवटी ‘या आठवड्यात आवडलेल्या साइट’. कुठे समुद्रातली जहाजं नकाशावर सरकताना दिसतात, कुठे एक बाई रोज आपल्या खिडकीतल्या आभाळाचा रंग लिहून ठेवते. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण भाऊजींचा थाट संपादकाचा. जाऊबाई म्हणतात, “देशाची काळजी ह्यांना. गॅस संपलाय हे मात्र मी सांगायचं.”

मला ते पान आवडायचं. खोटं कशाला बोलू, आजही वाचते.

माझीही एक साइट होती. हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिकवण्यांच्या, थेट भिंतीवर, ब्रशने. शेवटच्या अक्षराच्या पायाशी एक बारीक लाल ठिपका द्यायचे, तीच त्यांची सही. हे गेले, ठिपके शहरभर राहिले. मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते. सुट्टीच्या दिवशी गल्ल्या धुंडाळायच्या, ठिपका दिसला की फोटो काढायचा, साइटवर टाकायचा आणि खाली पत्ता लिहायचा. अमुक गल्ली, तमुक दुकानाशेजारी, नीट वर बघा. कुणी कधी जाऊन बघेल अशी भाबडी आशा, दुसरं काय. घरी भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, पण त्यात ते भेटत नाहीत. भेटायचे ते तिथे, शिडीवर चढून, जीभ दातांत धरून अक्षर ओढताना.

यंदा पालिकेत नवी माणसं निवडून आली. शहर एकसारखं दिसलं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. सगळ्या पाट्या एका रंगाच्या, एका वळणाच्या, छापील. जुन्या पुसायच्या. भाऊजी पेटले. त्या रविवारी त्यांनी लिहिलं:

“ज्यांना खड्डे बुजवता येत नाहीत ते आता अक्षरं बुजवायला निघालेत. काल आमच्याकडे दूध नासलं, म्हणून मी शेजाऱ्यांची पातेली रंगवायला गेलो नाही. या आठवड्याची साइट घरचीच आहे. वहिनींनी दादाच्या पाट्या पत्त्यांसकट जपल्यात. हुकुमाच्या नजरेतून सुटलेलं एक अख्खं शहर तिथे सापडेल. अवश्य बघा.”

लोकांनी अवश्य बघितलं. एकाने दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्याने दहा जणांना. भाऊजींचा फोन आला, “वहिनी, आज तुमच्याकडे जत्रा लागलीय.” माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं. ह्यांचं काम इतक्या लोकांनी एका दिवसात कधी पाहिलं होतं?

त्याच आठवड्यात पहिली शिडी लागली ती आमच्याच दवाखान्याला. दोन रंगारी आणि एक मुकादम. मुकादमाच्या हातात मोबाइल, मोबाइलवर माझी साइट. फोटो बघायचा, भिंत बघायची.

“हीच ना? लाल ठिपक्याची?” त्याने मलाच विचारलं.

“तुम्हाला हे कुठे मिळालं?”

“साहेबांनी पाठवलं. बरं झालं बघा. जुन्या पाट्या शोधत गल्लीबोळ फिरायला आमच्याकडे माणसं कुठेत? ह्यात सगळं पत्त्यासकट आहे.”

तो कुत्सितपणे बोलत नव्हता. त्याचं काम हलकं झालं होतं एवढंच. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, “नियम आहे, बाई. मी एकटा काय करणार?” करड्या रंगाच्या पहिल्या हाताखाली अक्षरं दिसत होती. दुसऱ्या हातात गेली. मी पुढचा नंबर पुकारला.

संध्याकाळी मी साइट बंद केली. पण साहेबांनी सगळे पत्ते आधीच उतरवून घेतले होते. लॉन्ड्री गेली, घड्याळवाला गेला, शिकवणीची भिंत गेली. कुठली पाटी कुठे आहे हे जगात मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते मीच लिहून दिलं होतं.

भाऊजी घरी आले. चहाला हात लावला नाही.

“वहिनी, मी चांगल्यासाठीच...”

“माहितीये मला.”

“शिव्या तरी घाला.”

घालणारच होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि राग गिळला. त्यांचाही भाऊच होता तो. पुढचे कित्येक रविवार त्यांनी एकेका पाटीवर मृत्युलेख लिहिला, खाली आवडलेल्या साइट.

मग एक दिवस कचेरीतून मला मेल आला. “शिंपीकामाच्या दुकानाची पाटी आपण दिलेल्या जागेवर आढळली नाही. बाकी काम पूर्ण. योग्य पत्ता कळवावा.”

सकाळी कामावर जायच्या आधी तिथे गेले. चूक माझीच होती, पाटी मागच्या गल्लीत आणि मी लिहिली होती पुढची. दुकान उघडायचं होतं. वर सगळं जसंच्या तसं, ‘कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील’, आणि शेवटी ठिपका. मी तिथेच उभी राहून रडले. जाणारा एक माणूस थांबला. मी काय बघतेय म्हणून त्यानेही वर बघितलं.

मी झटकन मान खाली घातली आणि चालू लागले.

कचेरीला उत्तर पाठवलं, “सदर पाटी पूर्वीच नष्ट झाली आहे.” भाऊजींनाही तेच सांगितलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्या रविवारी त्यांनी ‘दादाची शेवटची पाटी’ असं लिहिलं, आणि ते इतकं मनापासून लिहिलं की वाचताना मलाही हुंदका आला. परक्या लोकांनी खाली सांत्वनाचे चार शब्द लिहिले. मी सगळ्यांचे आभार मानले.

आज ना उद्या कुणाला ती दिसेलच. तोवर रोज त्याच गल्लीतून कामावर जाते. दुकानाखाली आले की चाल बदलू देत नाही. लोकांना नीट वर बघा म्हणून सांगणारी मी, मान वर करत नाही. ठिपका अजून लाल आहे की उन्हाने उडालाय, ते मला माहीत नाही.