एकशेवीस प्रकार

गणिताच्या बाईंनी दोन महिने खपून वडिलांच्या जुन्या गाडीचं इंजिन घरच्या गॅरेजमध्ये खोललं होतं. बेअरिंगवर बसणाऱ्या, दिसायला सारख्याच पाच लोखंडी टोप्या त्यांनी कागदावर क्रमानं मांडल्या होत्या, कारण प्रत्येक टोपी आपल्याच जागी बसते. शनिवारी त्या शाळेतून आल्या, तर नवरा हात पुसत उभा.

“बघ, सगळं धुऊन चकाचक केलं!”

पाचही टोप्या एका डब्यात होत्या.

“अहो, क्रम कुठाय?”

“कसला क्रम?”

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी डबा त्याच्याच हातात दिला.

“बसा इथं. एकशेवीस प्रकारे लागू शकतात. एकेक लावून बघा.”

रविवार संपत आला, तरी दोनच टोप्या जागेवर बसल्या होत्या.

“चहा करू?” त्यानं हळूच विचारलं.

“आधी तिसरी बसवा.”