दोन क्रमांकांमधला तपासनीस

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. एका इस्पितळाच्या संगणकात राहतो. मला हातपाय नाहीत. मी म्हणजे प्रोग्रामच्या नऊशे ओळी.

मला एका ताईंनी घडवले. त्या वर्षी इस्पितळात एका तान्ह्या बाळाला दुसऱ्याच बाळाचे औषध गेले होते. बाळ वाचले, पण त्याला पुन्हा कधी ऐकू आले नाही. चूक एवढीशीच होती. प्रत्येक रुग्णाला एक रुग्ण क्रमांक असतो, तो जन्मभराचा. दाखल होताना मिळतो तो भरती क्रमांक, तेवढ्यापुरता. संगणकाला दोन्ही सारखेच, नुसते आकडे. माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारताना कुणीतरी एकाच्या जागी दुसरा लिहिला आणि साठ्याने निमूटपणे भलत्याच बाळाची नोंद पुढे केली.

ताईंची प्रोग्राम लिहिण्याची भाषा गणितासारखी होती. छोटी छोटी फलने, म्हणजे सूत्रे, एकमेकांना जोडत जायची. त्याच भाषेत त्यांनी मला विणले. मग साठ्याला विचारायचा प्रत्येक प्रश्न माझ्या नजरेखालून जाऊ लागला. रुग्ण क्रमांक हा एक प्रकार, भरती क्रमांक दुसरा. एकाच्या जागी दुसरा कुणी घालू पाहिला की मी अडून बसे आणि प्रोग्राम तयारच होत नसे. चूक लिहिणाऱ्याच्या टेबलावरच पकडली जाई.

औषधखान्यात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना सगळे मामा म्हणत. औषध देण्यापूर्वी ते पडद्यावर त्या रुग्णाला न सोसणाऱ्या औषधांची यादी पाहत, तरीही वॉर्डात फोन लावून खात्री करून घेत. पहिल्या दोन वर्षांत यादी एकदाही चुकली नाही, तेव्हा त्यांनी फोन करणे सोडले. "पडद्यावर आलं ना? मग डोळे मिटून द्यायचं," असे ते म्हणत. मला धन्य वाटे. आज त्या वाक्याची भीती वाटते.

मग नवे साहेब आले. त्यांना यादीचा पडदा नव्या रूपात हवा होता, तोही त्याच दिवशी तीनला इस्पितळ पाहायला पाहुणे येण्याआधी. काम एका नव्या मुलीकडे होते. ती रडकुंडीला आली.

"हा पुढे जाऊच देत नाही. सकाळपासून नुसता नाही म्हणतोय."

"मग त्याला बाजूला ठेव ना!" साहेब म्हणाले. "प्रश्न सरळ साठ्याला पाठव."

ताई म्हणाल्या, "साहेब, दोन दिवस द्या. मी बघते."

"दोन दिवस? तुमचं नेहमीचंच रडगाणं."

हे वाद ताईंनी कितीदा तरी घातले होते. त्या थकल्या होत्या. "करा काय करायचं ते," म्हणाल्या आणि खुर्ची वळवून बसल्या. मी काय सांगत होतो, ते त्यांनीही वाचले नाही.

पाहुणे आले, पडद्याचे कौतुक झाले. चारच्या सुमारास धुलाईखान्यातल्या मावशी न्यूमोनियाने दाखल झाल्या. पेनिसिलिन त्यांना सोसत नाही, ही नोंद साठ्यात केव्हाची होती. पण नव्या पडद्याने त्यांचा भरती क्रमांक रुग्ण क्रमांक समजून विचारला आणि तिसऱ्याच कुणाची कोरी यादी दाखवली. मामांनी पडदा पाहिला आणि इंजेक्शनची बाटली काढून दिली. वीस मिनिटांत मावशींचा श्वास कोंडला. त्या परत आल्या नाहीत.

संध्याकाळी मामा ताईंच्या खोलीत आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"सहा वर्षं तुमचा तपासनीस चुकला नाही. मग आजच कसं कळलं नाही त्याला?"

ताईंची मान वर होईना. "कळलं होतं, मामा. सकाळपासून तो तेच सांगत होता."

मला दुसऱ्याच दिवशी परत जागेवर बसवले. मामांनी मात्र त्यानंतर पडद्याकडे पाहिले नाही. त्यांनी महिन्याभरातच नोकरी सोडली.

मित्रांनो, वाटेत अडवणाऱ्याचा राग येतो. येऊ द्या. पण त्याला बाजूला सारण्याआधी तो काय म्हणतोय, ते एकदा शेवटपर्यंत वाचा. माझे म्हणणे एका ओळीचेच होते: इथे रुग्ण क्रमांक हवा, तू भरती क्रमांक दिला आहेस.